भातात उभा राहिलेला झेंडा

चूक माझी होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी ती थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवीन, अशी मला स्वतःबद्दल खात्री आहे. एका रात्री मी भाताचा भरलेला टोप उचलून परसात ओतला आणि तो शिजवणाऱ्या बाईंना सगळ्यांसमोर चोर म्हटलं. त्या चोर नव्हत्या. तो भातही बिघडलेला नव्हता. पहिली गोष्ट मला दुसऱ्याच दिवशी कळली. दुसरी कळायला मात्र जपानमधल्या एका भल्यामोठ्या दुकानाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, हातात दोन काड्या धरून बसावं लागलं.

आमचा कारखाना खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडा आत. मी तिथल्या अतिथिगृहाचा व्यवस्थापक. पदाचं नाव भारदस्त, काम साधं. चार खोल्या, जेवणाची खोली, स्वयंपाकघर आणि कोठी एवढाच कारभार. लोकांना वाटतं, अतिथिगृह म्हणजे साहेबलोकांनी माथेरानला जाता-येता चहा प्यायची जागा. तेही होतंच. पण आमचे खरे पाहुणे यंत्र जोडायला येणारे परदेशी कारागीर. यंत्र खोक्यांतून येतं. त्याच्या मागून दोन-तीन माणसं येतात, काही महिने राहून ते जोडतात, चालवून दाखवतात आणि निघून जातात. तेवढे महिने त्यांच्या पोटाची जबाबदारी माझी. त्यांच्यातला एक जण जुलाबानं आडवा झाला की सगळं काम थांबायचं, आणि मोठे साहेब डॉक्टरला नाही, मला बोलावून घ्यायचे. म्हणून पाणी दोनदा उकळायचं, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, आणि अंडी तर पाण्यात सोडून ताजी आहेत का ते बघायची.

अंड्यांची एवढी काळजी कशाला, हे मला सत्तरच्या दशकात आमच्याकडे पहिले तीन जपानी आले तेव्हा कळलं. त्यांच्यातल्या एकानं गरम भातावर कच्चं अंडं फोडलं, कालवलं आणि खाल्लं. आमच्या स्वयंपाकीणबाई, हिराबाई, दाराआडून बघत होत्या.

"आगं बाय," त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांना कालवण नाय पोचलं का रं?"

हिराबाई पाताळगंगा नदीपलीकडच्या गावातल्या. घरची भातशेती, नवरा वारलेला, मुलगा शेती बघायचा. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. गावात लग्न असलं की भात त्यांच्या हातचा, आणि कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्नघरात तांदूळ, तेल, गूळ एका खोलीत ठेवतात आणि तिची किल्ली एकाच बाईकडे देतात. ती बाई घरातली असेलच असं नाही. जिच्यावर दोन्हीकडच्या मंडळींचा विश्वास, तिच्याकडे ती किल्ली.

तीन जपान्यांच्या प्रमुखाचं नाव मोरी. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून "मोरीसाहेब" म्हणायला आमच्या वाढप्याला कसंसंच व्हायचं, म्हणून आठवड्याभरात त्यांचे मोरेसाहेब झाले. ते त्यालाही ओ देऊ लागले. पन्नाशीचा, बुटका, फार न बोलणारा माणूस. त्यांचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमायचं.

आता भाताचं. आमच्या कर्जत-खालापूरकडे पाहुण्याला नवा तांदूळ घालत नाहीत. नवा तांदूळ शिजला की गिच्च होतो, शिताला शीत चिकटतं. तो घरच्यांनी खायचा, नाहीतर पेजेला वापरायचा. निदान एक पावसाळा घरात काढलेला जुना तांदूळ पाहुण्यांसाठी, जावयासाठी, पंगतीसाठी राखून ठेवतात. त्याचा भात मोकळा होतो. ताटात वाढला की तो पसरला पाहिजे, ढिगासारखा बसता कामा नये. सून बघायला गेलेल्या बाया हे बघून घरी परततात. मी त्याच घरात वाढलेला. त्यामुळे जपान्यांसाठी कर्जतच्या बाजारातून पोतं उघडून, मूठभर तांदूळ हुंगून, चांगला जुना तांदूळ आणला. भात असा फडफडीत व्हायचा की मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

ते मात्र तो जेमतेम खायचे. टेबलावर काटे-चमचे असायचे, पण दमून आले की ते आपापल्या काड्या काढायचे, आणि काड्यांतून शितं निसटून टेबलावर सांडायची. मग वाडगा तोंडाला लावून कसंबसं आत ढकलायचे आणि पावाकडे वळायचे. मी हे सगळं बघत होतो. बघून मी काय निष्कर्ष काढला? "जपानी माणसाला भात फारसा आवडत नाही," असं मी मोठ्या साहेबांना कळवलं.

दिवाळी झाली, शेतं कापली गेली. एका संध्याकाळी मोरेसाहेब गरम पाणी मागायला स्वयंपाकघरात गेले. हिराबाई स्वतः जेवायला बसल्या होत्या. ताटात घरून आणलेला, नव्या तांदळाचा भात. साहेब तिथेच उकिडवे बसले आणि बोट दाखवून मागू लागले. त्यांनी तो सगळा खाल्ला. हिराबाईंनी त्यात काही मोठं शोधलं वगैरे नाही. पाहुण्याला आवडलं, एवढंच त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रात्रीच्या जेवणापुरता तांदूळ घरून पिशवीतून आणू लागल्या. मला सांगितलं नाही, कारण नवा तांदूळ म्हटल्यावर मी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. दुपारी पाहुणे कारखान्यातच जेवायचे, आणि रात्रीच्या जेवणाआधी मी कर्जतला घरी जायला निघायचो. त्यामुळे महिनाभर मला पत्ता नव्हता. हे सगळं मला कळलं ते फार पुढे, खुद्द त्यांच्याकडून.

यंत्राची चाचणी यशस्वी झाली तेव्हा मोठे साहेब पत्नीसह अतिथिगृहात जेवायला आले. त्या रात्री मी घरी न जाता उभा राहून पाहत होतो. वाढप्यानं भातात पळी घातली आणि पळीबरोबर अख्खा गोळा वर आला. तो ताटात पडला आणि तसाच बसून राहिला.

मोठे साहेब हसून म्हणाले, "काय हो, आज कोणी आजारी आहे का?"

त्यांच्या पत्नी हसल्या. मोठे साहेब हसले म्हणून जपानीही हसले. मी स्वयंपाकघरात गेलो.

"हा कसला तांदूळ?"

"नवा हाय, भाऊ. घरचा. त्यांना ह्योच आवडतो."

"घरचा? आणि मी आणलेला जुना कुठे गेला?"

"कोठीत हाय की. जाईल कुठं?"

"घरचा तांदूळ कोण फुकट आणून घालतं? मला शिकवतेस? जुना घरी न्यायचा आणि नवा इथे शिजवायचा. ही सरळ चोरी आहे."

एरवी मी त्यांना अहो-जाहो करायचो. त्या दिवशी एकदम अगं-तुगंवर आलो. वाढपी, माळी, ड्रायव्हर, धुणंवाली, सगळे दारात जमले होते. मी टोप उचलला, मागच्या दारी गेलो आणि भात ओतला. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसानं शिजलेलं अन्न मातीत ओतलं. वळून पाहिलं तर मोरेसाहेब वाडगा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मला वाटतं, ते आणखी भात मागायला आले होते.

हिराबाई रडल्या नाहीत. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "पोतं बघा जावा, भाऊ. आदी पोतं बघा." मी बघितलं नाही. त्या चपला घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठी उघडली. पोतं जवळजवळ भरलेलं होतं.

त्याच दिवशी त्यांच्या गावी जायला हवं होतं. नदी ओलांडली की गाव. पण आदल्या रात्री निघताना मोठे साहेब मला म्हणाले होते, "बरं केलंत. माणसांना असा धाक हवाच." त्या वाक्याची ऊब मला सोडवेना. मी कोठीला कुलूप लावलं आणि कोणाला काही बोललो नाही. चौक गावच्या ढाब्यावरचा एक आचारी आणला. त्याचा भात छान मोकळा व्हायचा. जपानी पुन्हा पावावर आले.

मोरेसाहेबांनी दोन-तीनदा विचारलं, "ओबासान?" त्यांच्या भाषेत ओबासान म्हणजे मावशी. मी म्हणालो, "गावी. लग्न आहे." परत जायच्या दिवशीही त्यांनी विचारलं, आणि लग्न अजून चालूच आहे, अशा अर्थाचं मी काहीतरी बोललो.

दोन वर्षांनी आमच्या काही कामगारांना शिकायला जपानला पाठवायचं ठरलं. आधीची तुकडी बिस्किटं आणि केळ्यांवर राहून आजारी पडली होती, म्हणून या वेळी स्वयंपाकाला मला बरोबर धाडलं. मसाले, डाळी, कोकम घेऊन मी विमानात बसलो. शेजारी नेरळचा दत्ता, आमचा वायरमन. पंचविशीचा, तोंडाळ पोरगा.

तिथल्या वसतिगृहात मी रोज भात लावायचो आणि रोज तो गिच्च व्हायचा. पाणी कमी करून पाहिलं, पाचदा धुऊन पाहिलं, पेज काढून टाकली. काही फरक नाही. "या देशात जुना तांदूळच मिळत नाही," मी कुरकुरायचो. कित्येक आठवडे मी तो तांदूळ शिजवला, त्याला नावं ठेवली, आणि एकदाही मला काही आठवलं नाही. माणूस स्वतःला किती सांभाळून घेतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

रविवारी चूल बंद. त्या दिवशी आम्ही शहरातल्या मोठ्या दुकानात जायचो. दुकान म्हणजे एक इमारतच. एका मजल्यावर कापड, एकावर भांडी, एकावर खेळणी. लिफ्टमधून वर जाताना हातमोजे घातलेली एक मुलगी प्रत्येक मजल्याला काहीतरी गोड आवाजात सांगून वाकायची. पहिल्या दिवशी दत्ता प्रत्येक मजल्यावर उलट वाकून नमस्कार करत गेला आणि वर पोचेपर्यंत त्याची कंबर धरली.

सगळ्यात वरचा मजला खाण्याचा. एका रांगेत आठ-दहा खाणावळी. प्रत्येक खाणावळीच्या दाराशी काचेचं कपाट आणि त्यात ताटं, वाडगे, तळलेल्या कोळंब्या, शेवयांचे वाडगे, सगळं मांडलेलं.

"भाऊ, शिळं हाय रं सगळं," दत्ता काचेला नाक लावून म्हणाला. "माशी कशी नाय बसत?"

ते मेणाचं होतं. भाषा न येणाऱ्यासाठी ती मोठी सोय. आम्ही वाढणाऱ्या मुलीला बाहेर बोलवायचो आणि काचेवर बोट ठेवायचो. तिथे बसण्याची पद्धत, खाण्याचा आवाज, सगळंच आमच्या उलट. शेवया सुर्र आवाज करून ओढायच्या, नाहीतर त्या आवडल्या नाहीत असं दिसतं. आम्हाला लहानपणी अशा आवाजाबद्दल पाठीत धपाटा मिळालेला, त्यामुळे आमच्या टेबलावर स्मशानशांतता. एकदा गोड मिठाई समजून मागवलेला पदार्थ माशाचा निघाला. एकदा बशीतली हिरवी चटणी मी सगळी तोंडात टाकली आणि नाकातून डोक्यापर्यंत झिणझिण्या जाऊन डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या मुलीनं न बोलता पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तोंड फिरवून हसली. धंद्यातला माणूस म्हणून मी तिच्याकडून एवढं शिकलो की, पाहुणा चुकला तर त्याच्या समोर हसायचं नाही.

एका रविवारी मोरेसाहेब आम्हाला भेटायला दुसऱ्या गावाहून रेल्वेने आले आणि आम्हाला त्याच मजल्यावर जेवायला घेऊन गेले. दत्तानं काचेवर बोट ठेवलं ते नेमकं लहान मुलांच्या ताटावर. त्यात भाताची छोटी टेकडी आणि टेकडीवर कागदाचा झेंडा.

वाढणारी मुलगी गोंधळली. मोरेसाहेब तिला काहीतरी म्हणाले. ती हसत आत गेली आणि ताट घेऊन आली. शेजारच्या टेबलावरची पोरं दत्ताकडे बघायला लागली. त्यानं झेंडा काढला, परत रोवला, फुंकर घातली. झेंडा हलला नाही.

"भाऊ," दत्ता म्हणाला, "तुमच्या त्या फडफडीत भातात ह्यो उभा राह्यला असता का?"

समोर मोरेसाहेबांनी काड्यांनी आपल्या वाडग्यातला भाताचा घास उचलला. एकही शीत सांडलं नाही. तो घास हवेत धरून ते मला म्हणाले, "ओबासान राईस. सेम." मग तो तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "ओबासान बरी आहे ना?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या टेबलांवर म्हातारे, पोरं, बाया तो गिच्च भात खात होते. कोणी आजारी नव्हतं. मी माझ्या वाडग्यात काड्या घातल्या. गोळा नीट वर आला.

"बरी आहे," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय झाली होती.

जेवण झाल्यावर ते आम्हाला भांड्यांच्या मजल्यावर घेऊन गेले. तिथे त्यांनी काहीतरी विकत घेतलं. विकणाऱ्या मुलीनं खोकं एकाच कागदात, कात्री न लावता, सुरेख गुंडाळलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. "ओबासान," एवढंच म्हणाले.

ते खोकं चार वर्षं माझ्या घरच्या कपाटात होतं. दर दिवाळीला साफसफाई करताना बायको म्हणायची, "ज्याचं त्याला देऊन तरी टाका, नाहीतर मला उघडू तरी द्या." मी ते मागे सरकवायचो.

शेवटी गेलो. पश्चात्तापानं गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं म्हणजे भीतीनं गेलो. नवीन यंत्र येणार होतं आणि जोडायला मोरेसाहेबच येणार, असा निरोप कारखान्यात आला. ते आल्या आल्या ओबासानला विचारणार. या वेळी लग्न पुरणार नव्हतं.

हिराबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. खूप वाकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी खोकं पुढे ठेवलं. त्यांनी कागद न फाडता उघडलं. आत झाकणाचा एक वाडगा, निळ्या नक्षीचा.

"मोरेसाहेबांनी दिलाय. तुमच्या भाताची आठवण म्हणून."

"कवा दिला?"

मी सांगितलं. त्यांनी वाडग्यावर झाकण ठेवलं, काढलं, परत ठेवलं.

"आनि ते आता यायचे हायेत, म्हून आज घिऊन आलात. व्हय का नाय?"

"हो."

"त्यांनी माजी आठवण ठेवली. तुमी काय ठेवलंत, भाऊ?"

मग मी खाली बसलो आणि पोत्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं, हेही सांगितलं. मधेच त्यांनी घरून तांदूळ आणायचं कसं सुरू झालं ते सांगितलं. मी हात जोडले तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हितं नका जोडू हात. हितं कोन ऐकतंय? तुमचा डायवर आमच्याच गावचा. तुमी बोललात त्या रातच्यालाच समद्या गावाला कळलं. तवापासनं कुनाच्या लग्नात मला कोठीची किल्ली नाय दिली. भात कर म्हनत्यात, पर किल्ली दुसरीकडं. माज्या पोराच्या लग्नात सुदा व्याह्यांनी किल्ली त्यांच्याकडं ठेवली. जिथं बोललात, तिथं बोला. ज्यांनी आयकलं, त्यांना आयकवा. मी येते तिथं."

मी दिवस ठरवून घरी आलो.

त्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात दुसरा निरोप आला. मोरेसाहेब येणार नव्हते, त्यांच्या जागी दुसरा कोणी तरुण येत होता. निरोप वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सुटका झाल्याचंच होतं, हे मी इथे लपवत नाही. हिराबाईंना निरोप पाठवून दिवस पुढे ढकलता आला असता. पुढे ढकलण्यात तर मी पारंगत होतो. संध्याकाळी मी अतिथिगृहाच्या कोठीत गेलो, तिथे उगाच थोडा वेळ उभा राहिलो, आणि निरोप पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी हिराबाई मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. इरकली नेसल्या होत्या. मी वाढपी, माळी, धुणंवाली आणि ड्रायव्हर, सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. सगळे तेच होते, थोडे म्हातारे झालेले. नेरळहून दत्ताही आला होता. मागचं दार उघडं होतं आणि जिथे मी भात ओतला होता ती जागा तिथून दिसत होती.

मी म्हणालो, "हिराबाई, मी चुकलो. मला माफ करा."

त्या चुलीपाशी, त्यांच्या जुन्या जागी उभ्या होत्या.

"मोठ्यांदा बोला, भाऊ," त्या म्हणाल्या. "तवा मोठ्यांदा बोलला होतात."

तेव्हा मी ड्रायव्हरकडे तोंड केलं, आणि त्या दिवशी ज्या आवाजात बोललो होतो त्याच आवाजात म्हणालो, "हिराबाईंनी तांदूळ चोरला नाही. पोतं भरलेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं आणि गप्प बसलो. त्या घरचा तांदूळ आणून पाहुण्यांना घालत होत्या, आणि मी तो मातीत ओतला. खोटा मी होतो. गावात जाऊन हे सांग, आणि मी सांगितलं म्हणून सांग."